चौथी शिट्टी

कोल्हापूर

चि. ओंकार,



तू पाठवलेली फिल्म तीनदा पाहिली. एकदा फोनवर, मग शेजारच्या मुलाने टीव्हीला जोडून दिली तेव्हा लागोपाठ दोनदा. आजीला हल्ली कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत आणि नातू त्या मोजून सांगतो, एवढीशी गोष्ट. पण पक्की आहे. ती तुला सुचली याचं कौतुक आधीच करून टाकते, कारण पुढे मी फार गोड बोलणार नाही.

फिल्मखाली तू लिहिलं आहेस, ‘यूपीए स्टाइलमध्ये केलीय, त्यामुळे ड्रॉइंग कमी लागली.’ त्या ‘त्यामुळे’पाशी मी अडले.

मी मुंबईत जाहिरातपटांच्या स्टुडिओंत सेल, म्हणजे कार्टूनच्या पारदर्शक शीट, रंगवायची, तुला माहीत आहे. हातात सुती मोजे, सेलच्या पुढच्या बाजूला रेषा, पाठीमागून रंग. तिथल्या एका मालकांनाही असंच ‘त्यामुळे’ आवडायचं. धुण्याच्या पावडरच्या जाहिरातीत त्यांनी बाईचे फक्त ओठ हलवले, बाकी बाई थिजलेली. मी विचारलं तर म्हणाले, अमेरिकेत असंच करतात, मॉडर्न आहे. मॉडर्न कसलं, चिक्कूपणा होता तो. ती जाहिरात मीच रंगवली, म्हणून जरा जास्तच लागलं असेल.

आता ते अमेरिकेतले लोक कोण होते ते ऐक. 1941 च्या मे महिन्यात डिस्नेच्या स्टुडिओत संप झाला. आर्ट बॅबिटला युनियनच्या कामापायी नोकरीवरून काढलं आणि ठिणगी पडली. ‘स्नो व्हाइट’मधली दुष्ट राणी चालवणारा, ‘फँटेजिया’तले मशरूम नाचवणारा हा माणूस. डिस्नेमधून बाहेर पडलेल्यांपैकी झॅक श्वार्ट्झ, डेव्हिड हिल्बरमन आणि स्टीव्हन बोसुस्टो यांनी 1943 मध्ये एक छोटी कंपनी काढली. तिचंच पुढे युनायटेड प्रॉडक्शन्स ऑफ अमेरिका, म्हणजे तुझं यूपीए झालं. सुरुवातीला युद्धातले प्रशिक्षणपट, मोटार कामगारांच्या संघटनेचे प्रचारपट अशी कामं. 1948 मध्ये कोलंबिया या फिल्म कंपनीशी करार झाला आणि त्यांची कार्टून्स थिएटरात लागू लागली.

गोल गरगरीत, मऊ, खऱ्यासारखं हलणारं चित्र काढणं या मंडळींना येत नव्हतं असं नाही. जगात ते कुणाला येत असेल तर त्यांनाच येत होतं. ते कशासाठी काढायचं, हा त्यांचा प्रश्न होता. चित्रकलेत पिकासो आणि मातिस आले, पोस्टरं बदलली, खुर्च्या बदलल्या, आणि कार्टूनमध्ये मात्र अजून प्रत्येक झाडाला सालीसकट सावली, हे त्यांना पटेना. (याआधी वॉर्नर स्टुडिओत चक जोन्सने 1942 साली ‘द डोव्हर बॉइज’ करून पाहिलं होतं. पात्रं एका पोजमध्ये थांबतात आणि पुढच्या पोजला एकदम फराटा मारून पोचतात. तो फराटा एकेका फ्रेमवर थांबवून बघ, खूप हसशील.)

‘जेराल्ड मॅकबोइंग-बोइंग’ तू पाहिली आहेस. 1950 ची, बोब कॅननचं दिग्दर्शन, गोष्ट डॉ. स्यूसची, ऑस्कर मिळालेली. मुलगा शब्द बोलतच नाही, तोंडातून नुसते आवाज. डॉक्टर हात टेकतात, शाळा घरी पाठवते, बापही कंटाळतो. यात तू काय पाहिलंस? सपाट रंग आणि बारीक रेषा. मी सांगते ते बघ आता. भिंत कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते ती रेषाच तिथे नाही. एक खुर्ची, एक दिवा, जिन्याचा कठडा, की झाली खोली. पात्रांच्या अंगात बऱ्याचदा मागचाच रंग भरलेला. आणि तो रंग मुलाच्या मनाबरोबर बदलतो. घरातून पळून जातो तेव्हा सगळं अंधारून येतं आणि त्या अंधारात एवढासा पोरगा. ज्याला कुणी जवळ करत नाही, त्याच्याभोवती सामान कशाला हवं? तिथली रिकामी जागा हेच त्याचं दुःख आहे.

तुझ्या फिल्ममध्येही मागचा रंग बदलतो. गुलाबी, मग मोहरीचा, मग मोरपिशी. मी तिसऱ्यांदा पाहिली ती त्याचं कारण शोधायला. सापडलं नाही. छान दिसतो म्हणून बदलला असशील, तर तसं स्वतःशी कबूल कर.

आणि सपाट चित्र म्हणजे कमी हालचाल, हाही तुझा गैरसमज. जॉन हब्लीची ‘रूटी टूट टूट’ (1951) काढून बघ. फ्रँकीने जॉनीला गोळी घातली, त्याचा कोर्टातला खटला, फिल मूरच्या जॅझवर. रंग रेषेच्या बाहेर सांडलेले, माणसं कागदासारखी चपटी, आणि नाच मात्र असा की नजर ठरत नाही. हालचालीसाठी ओल्गा लुनिक ही नृत्यदिग्दर्शिका होती. अॅनिमेशन करणाऱ्यांत आपले बॅबिट होते आणि ग्रिम नॅटविकही. नॅटविक म्हणजे बेटी बूप घडवणारे आणि नंतर स्नो व्हाइटवर काम केलेले. तिथे हात आखडता घेतलेला नाही कुणी. उलट ‘द टेल-टेल हार्ट’ (1953) बघ, टेड पार्मलीची. एडगर अॅलन पोची कथा, आवाज जेम्स मेसनचा. तिथे जवळजवळ काहीच हलत नाही. पॉल ज्युलियनच्या चित्रांवरून कॅमेरा सरकतो, सावल्या लांबतात, आणि आपण बघतो ते वेड्या खुन्याच्या डोळ्यांनी. ब्रिटनमध्ये या कार्टूनला फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं. एकाच स्टुडिओतल्या, दोन वर्षांच्या अंतराच्या या दोन फिल्म. एकीत नुसती धमाल हालचाल, दुसरीत मसणातली शांतता. मग तुझी ती ‘स्टाइल’ यातली कुठली?

मला या सगळ्यांत जास्त आवडते ती मात्र यूपीएची नाहीच. झाग्रेबच्या दुशान वुकोटिचची ‘सरोगात’, 1961 ची. ऑस्कर अमेरिकेबाहेर नेणारं पहिलं कार्टून. एक जाडा गृहस्थ समुद्रकिनाऱ्यावर येतो आणि जे हवं ते हवा भरून फुगवतो, सामानसुमान आणि शेवटी बाईसुद्धा. आकार सगळे त्रिकोणी, चपटे. आता त्याची गंमत बघ. वस्तू मुळात खोट्या, हवा भरलेल्या, म्हणून त्या चपट्या आकारांत शोभतात. ही गोष्ट डिस्नेसारखी गोलाईत काढली असती तर मेली असती.

यूपीएचं पुढे काय झालं तेही ठाऊक असू दे. 1952 मध्ये, कम्युनिस्ट असल्याच्या संशयाने माणसं कामाला मुकत होती त्या काळात, हब्लीला स्टुडिओ सोडावा लागला. त्याने 1949 मध्ये मिस्टर मगू आणला होता. तेव्हा तो हेकट, चिडका म्हातारा होता; दिसत नाही याहीपेक्षा आपलं चुकतंय हे मान्य न करणं हा त्याचा रोग. पुढे मगू लोकप्रिय झाला, दोन ऑस्कर मिळाले, आणि हळूहळू त्याचा हेका गळून नुसता अधू नजरेचा विनोद उरला. थिएटरसाठी जवळजवळ मगूच निघू लागला. तोवर सपाट रंग आणि तिरक्या रेषा सगळ्यांनी उचलल्या होत्या. डिस्नेनेसुद्धा 1953 मध्ये ‘टूट, व्हिसल, प्लंक अँड बूम’ तशीच केली, चांगली केली, आणि ऑस्कर नेलं. मग टीव्ही आला, त्याला स्वस्त कार्टून हवं होतं. आमच्या मालकांनी पाहिलेली अमेरिका ती.

आपल्याकडचंही एक सांगते, तुझा बाबा ते टीव्हीवर बघत मोठा झाला. ‘एक अनेक और एकता’, 1974. विजया मुळे यांची फिल्म, अॅनिमेशन भीमसेन यांचं. भीमसेन घडले फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात. तिथे क्लेअर वीक्स नावाच्या डिस्नेच्या माणसाने येऊन मुलांना शिकवलं होतं. त्या फिल्ममध्ये किती कमी आहे बघ, आणि चाळिशी उलटलेली माणसं अजून ती आठवतात.

तर आता काय करशील? ती फिल्म मोडू नकोस, पण आजीचं पात्र पुन्हा काढ. तू तिला कानामागे हात धरून उभी केली आहेस. हे तू दुसऱ्या कुठल्या तरी चित्रातून घेतलंस, कारण तुझी आजी, म्हणजे माझी आई, असं कधीच करत नाही. गेल्या दिवाळीत मी पाहिलंय. वरण-भात लावला की ती ओट्यावर पालथा तळवा ठेवते, कुकरपासून वीतभर अंतरावर. शिट्टी झाली की ओटा थरथरतो, ते तिला कळतं. तीन तिला बरोबर कळतात. चौथीला गॅस बारीक असतो, ती हुकते. तिथे तुझ्या फिल्ममधला नातू येतो.

रविवारी हे नीट बघ. फोनवर शूटिंग करू नकोस, तिला कळलं की ती पदर सारखा करून पोज देईल. फक्त आवाज रेकॉर्ड कर, तुमच्या दोघांच्या बोलण्यासकट. हब्लीने पुढे बायको फेथबरोबर ‘मूनबर्ड’ (1959) केली ती अशीच, स्वतःच्या दोन मुलांची खेळतानाची बडबड टेपवर घेऊन. आधी आवाज, मग त्याच्या मापाने चित्रं. तुझ्या गोष्टीत तर ऐकू येणं हाच विषय आहे, आणि तू संगीत शेवटी चिकटवलंस.

सुरुवातीला स्वयंपाकघर भरलेलं काढ. डबे, मिसळणाचा डबा, खिडकीतली तुळस, सगळं. मग एकेका शिट्टीला काय काय जाईल ते तू ठरव. मी सांगणार नाही. ड्रॉइंग किती लागली ते मोजू नकोस. एका सेकंदाला बारा लागली तर लागली, एकच लागलं तर एक.

बाबाला म्हणावं, आईच्या कानाच्या डॉक्टरांची तारीख परत पुढे ढकलू नकोस.

तुझी,
आत्या

ता. क. तळव्याचे चार-पाच कच्चे स्केच झाले की लगेच पाठव. रंग नको भरूस.