उत्तर आलं नाही तरी

आज गीतेचा तेरावा अध्याय वाचला. शरीर हे क्षेत्र आणि त्याला जाणणारा तो क्षेत्रज्ञ, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. वाचताना आत्याची आठवण झाली. पक्षाघातानंतर ती अंथरुणाला खिळली होती. हाक मारली तरी ओ नाही. तिच्या उशाशी बसूनच आम्ही औषधपाण्याच्या खर्चाचा हिशेब केला. "तिला काय कळतंय आता!" असं मीच म्हणालो होतो.

केंब्रिजच्या एड्रियन ओवेन यांनी २००६ साली एका तरुणीच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपघातानंतर पाच महिने ती कशालाच प्रतिसाद देत नव्हती. एफएमआरआय चालू असताना तिला सांगितलं, टेनिस खेळतेस अशी कल्पना कर. तेव्हा हालचालींची आखणी करणारा तिच्या मेंदूतला भाग निरोगी माणसासारखाच सक्रिय झाला. ती ऐकत होती!

प्रत्येक रुग्णात असं दिसत नाही. शिवाय यंत्राला दिसतो तो रक्तप्रवाहातला बदल. जाणणारा दिसत नाही. मग पडद्यावर काही उमटलं नाही, म्हणून आत कोणी नाही, हे कशावरून?

आत्या ऐकत होती का, हे आता कधीच कळणार नाही. पण एवढं ठरवलंय, उत्तर न देणाऱ्या माणसाशीही तो ऐकतोय असं धरूनच बोलायचं.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥