पाहुण्याची रीत



उन्हाळ्यात आपल्या कोका अभयारण्यातले नाले आटतात. चितळं, रानगवे पाणवठ्याकडे येतात. त्यांना पाहायला आपणही जातो. तेव्हा एवढं लक्षात ठेवू या, इथे आपण पाहुणे आहोत.

गाडीतून एक आरोळी उठली, की तहानलेलं जनावर पाणी न पिताच माघारी फिरतं. आपला फक्त फोटो हुकतो. त्याचा भर उन्हातला घोट हुकतो. म्हणून आवाज हळू ठेवू या. प्लास्टिक परत आणू या. डोक्याला दुपट्टा बांधू या, सोबत पाणी घेऊ या. पहाटे मोहफुलं वेचणारी माउली दिसली, तर विचारल्याशिवाय तिचा फोटो नको. आपण पाहुणे आहोत.

दुसऱ्याच्या घरी आपल्या हौसेआधी त्याची गरज पाहावी. मंडळी, ज्याला असं पाहुणा होता येतं, त्याला कुठलंच गाव परकं राहत नाही.