झाकल्या सांध्याचा धर्म

तुटलेल्या विजेच्या तारेला सांधा द्यायचा म्हणजे तीन गोष्टी पुन्हा जागेवर आणायच्या: धातूला धातूचा स्पर्श, ओढ सोसण्याची ताकद आणि वरचे निरोधक आवरण. स्पर्श कच्चा राहिला तर सांधा तापतो, ताकद कमी पडली तर निसटतो, आवरण अपुरे राहिले तर माणसाला झटका बसतो. पण यांतली कोणतीही उणीव असली तरी मेन स्विच चढवल्यावर दिवा बहुधा लागतोच. म्हणून दिवा लागणे हा सांधा चांगला असल्याचा पुरावा ठरत नाही. वर टेप गुंडाळली की आतले काम कसे झाले हे करणाऱ्याखेरीज कोणालाच ठाऊक नसते. येथे तंत्राचा प्रश्न धर्माचा होतो. जे काम कोणाच्याही दृष्टीस पडणार नाही ते चोख करण्याचे बंधन माणसावर येते कोठून?

पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवर हा प्रश्न रोजच्या व्यवहारातला आहे. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रातून १९६९ साली देशातली पहिली व्यावसायिक अणुवीज मिळू लागली. पुढे २००५ आणि २००६ मध्ये तेथे प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्यांची भर पडली. बोईसरला लागून असलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आहेत. किनाऱ्याला दांडी, नवापूर, मुरबे, सातपाटी ही मच्छीमारांची गावे आहेत. समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, कारखान्यांतली आम्लाची वाफ आणि यंत्रांची अखंड थरथर हे सारे या पट्ट्यातल्या तारांना सोसावे लागते. उघड्या तांब्यावर येथे लवकर हिरवट कीट चढतो आणि स्क्रू न कळत सैल होतात. दुसरीकडे वर्षानुवर्षे टिकेल असा सांधा येथे काही महिन्यांत आपले खरे रूप दाखवतो.

दोन वस्तू एकत्र येतात म्हणजे नेमके काय घडते, याचा सर्वांत बारकाईने विचार भारतात न्याय आणि वैशेषिक दर्शनांनी केला. त्यांनी संबंधाचे दोन प्रकार मानले. तंतू आणि वस्त्र, किंवा फूल आणि त्याचा रंग, यांच्यातला संबंध समवायाचा. तेथे एकाला दुसऱ्यापासून वेगळे काढून ठेवता येत नाही. आधी वेगळ्या असलेल्या दोन वस्तू एकत्र आल्या की जो संबंध जन्मतो तो संयोग. तो कोणाच्या तरी क्रियेतून निर्माण होतो आणि विभागाने नष्ट होतो. कारखान्यातून आलेली अखंड तार तुटली की तिची दोन टोके कितीही घट्ट जोडली तरी पहिली अखंडता परत येत नाही. जो मिळतो तो संयोग, आणि संयोग हा राखावा लागतो. त्याला कर्ता असतो, आरंभ असतो आणि दुर्लक्ष झाल्यास अंतही असतो.

नैयायिकांनी संयोगाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली. संयोग अव्याप्यवृत्ती आहे, म्हणजे तो आपला आश्रय पूर्ण व्यापत नाही. झाडावर वानर बसले तर फांदीच्या ठिकाणी झाडाचा वानराशी संयोग असतो, मुळाशी नसतो. हा सिद्धान्त मांडणाऱ्यांपुढे वीज नव्हती. तरी विद्युत अभियांत्रिकीतल्या स्पर्शाच्या विचाराशी तो चांगला जुळतो. तांब्याची दोन टोके एकमेकांवर दाबली की ती सगळ्या पृष्ठभागाने भिडलेली वाटतात. प्रत्यक्षात पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात आणि काही मोजक्या उंचवट्यांपाशीच धातूला धातू लागतो. सगळा प्रवाह त्या चिमुकल्या ठिपक्यांतून वाहतो. दाब कमी झाला, मध्ये ऑक्साइडचा थर आला किंवा ओल शिरली की ठिपके घटतात आणि रोध वाढतो.

रोध वाढल्याचा परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सैल सांध्याचा रोध केवळ ०.१ ओहम धरला आणि त्यातून गिझरचा १६ अँपिअर प्रवाह गेला, तर त्या बोटभर जागेत २५.६ वॉट उष्णता निर्माण होते. टेप आधी मऊ पडते, मग काळवंडते. उष्णतेने तांबे फुगते, थंडाव्याने आकसते, त्यातून सांधा आणखी ढिला होतो आणि रोध आणखी वाढतो. फ्यूज किंवा एमसीबी हे थांबवू शकत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. बोटीवरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर हा धोका कमी वाटतो, पण ६० वॉटच्या दिव्याला २३० व्होल्टवर पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह पुरतो, तर १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतो. तोच रोध असलेला सांधा बोटीवर कितीतरी जास्त तापतो. रासायनिक कारखान्यात ज्वालाग्राही द्रावकाची वाफ असेल तेथे तर अशा सांध्यातली एक ठिणगीही पुरते.

डाख देणे हा सांधा पक्का करण्याचा जुना मार्ग. तो सगळीकडे योग्य ठरत नाही. कथिल आणि शिसे यांचा नेहमीचा डाख १८३ ते १९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतो, म्हणजे सांधा फार तापला तर डाखच पातळ होतो. बारीक तारांच्या जुडग्यात डाख भिनला की तो भाग ताठ होतो आणि सततच्या थरथरीने तारा नेमक्या त्या ताठ भागाच्या कडेला मोडतात. उंचावर, पावसात किंवा वाफेच्या जागी तापलेली डाखणी वापरणेही कठीण. म्हणून डाखाशिवाय पक्का सांधा देण्याच्या रीती रूढ झाल्या.

त्यांतली सर्वांत जुनी पिळाची. तारायंत्राच्या काळात अमेरिकेत पुढे आलेला वेस्टर्न युनियन सांधा आजही आयटीआयच्या वायरमन शाखेत शिकवतात. एकेरी जाड तारांची टोके एकमेकांवरून ओलांडून प्रत्येकाचे घट्ट वेढे दुसऱ्याभोवती द्यायचे. ओढ बसली की वेढे अधिक आवळतात. ताकदीच्या दृष्टीने हा सांधा उत्तम, पण घरातल्या तारांना ओढ नसते, त्यामुळे नुसत्या पिळावर आणि टेपवर विसंबणे बरोबर नाही. स्क्रूची कनेक्टर पट्टी सोपी असते, मात्र स्क्रू वेळोवेळी आवळावे लागतात. स्प्रिंगचा दाब कायम ठेवणारे कळीचे कनेक्टर थरथरीत जास्त भरवशाचे. बहुतारी केबलसाठी सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे स्लीव्ह दाबून दिलेला सांधा. कारागिरांच्या बोलीत यालाच पंचिंग म्हणतात.

पंचिंग नीट करायचे तर क्रम सोडून चालत नाही. मेन बंद करायचा, इन्व्हर्टर किंवा जनरेटरकडून उलटी वीज येत नाही ना हे पाहायचे आणि टेस्टर चालू तारेवर एकदा लावून तो चालतो याची खात्री करून मगच तुटलेली तार तपासायची. काळवंडलेला किंवा हिरवा पडलेला भाग कापून चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे यायचे. आवरण सोलताना एकही बारीक तार कापली जाऊ नये. उष्णतेने आकसणारी नळी आधीच तारेत ओवायची, कारण सांधा झाल्यावर ती आत घालता येत नाही. तारेच्या जाडीनुसार १.५, २.५ किंवा ४ चौरस मिलिमीटरची स्लीव्ह घेऊन दोन्ही टोके मधल्या अडणीपर्यंत सरळ सारायची आणि त्याच मापाच्या खोबणीत दाबायची. दातेरी यंत्रणेचे हत्यार पूर्ण दाब बसल्याशिवाय उघडतच नाही. पकडीने चेपलेली स्लीव्ह वरून सारखीच दिसते, पण आत पोकळी राहते आणि तीतून हवा व ओल शिरते. शेवटी दोन्ही बाजूंनी ओढून पाहायचे. सरकली तर सांधा कापून पुन्हा करायचा. फेज आणि न्यूट्रल यांचे सांधे समोरासमोर न ठेवता पुढेमागे घ्यायचे. तांबे आणि ॲल्युमिनियम थेट पिळू नयेत. ओल लागली की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून तेथे बायमेटल लग वापरायची.

या क्रमातली प्रत्येक पायरी गाळता येते आणि गाळली तरी दिवा लागतो. मग ती का गाळू नये, याला पहिले उत्तर भीतीचे. आग लागेल, कोणी दगावेल, चौकशी होईल. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. वाईट सांधा वर्षभराने जळतो, तोवर तो कोणी दिला हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. दुसरे उत्तर नियमाचे. वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदाराने आणि प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करावे असा कायदा आहे आणि विद्युत निरीक्षकाला तपासणीचा अधिकार आहे. पण निरीक्षक भिंतीतली प्रत्येक तार उघडून पाहू शकत नाही. जेथे त्याची नजर पोचत नाही तेथे काय, हा प्रश्न शिल्लक उरतोच.

तिसरे उत्तर गीतेने दिले आणि १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ते मराठीत आले. आपल्या वाट्याचे कर्म हीच सर्वव्यापी ईश्वराची पूजा होय, हा त्याचा गाभा. वारकरी परंपरेने ही शिकवण कष्टकऱ्यांच्या आयुष्यात दाखवली. अरणचे सावता माळी मळ्यात आणि तेरचे गोरा कुंभार चाकावर भक्ती करत राहिले. ईश्वर सर्वत्र आहे असे मानणाऱ्यासाठी टेपखालची जागा एकांताची राहत नाही. ईश्वर न मानणाऱ्यालाही या विचाराचा अर्थ लागतो, कारण त्या सांध्याच्या पलीकडे खरोखरच कोणीतरी असते. नैयायिक संयोगज संयोगाची कल्पना सांगतात: हात पुस्तकाला लागला की त्या स्पर्शातून सगळे शरीर पुस्तकाशी जोडले जाते. तसेच एका सांध्यामुळे खोलीत अभ्यास करणारे मूल साऱ्या वीजजाळ्याशी जोडलेले असते. कारागिराने त्याला कधी पाहिले नसेल, पण त्याची सुरक्षितता काही मिनिटे या कारागिराच्या हातात होती.

फळाची आसक्ती सोडण्याच्या उपदेशाचा येथे चुकीचा अर्थ लावला जातो. फळावर हक्क नाही म्हणून परिणामाची पर्वा नाही, असे त्यातून निघत नाही. चांगल्या सांध्याचे फळ म्हणजे काहीही न घडणे. त्याची वाहवा कोणी करत नाही, त्यामुळे फळाची आशा येथे मुळातच फिजूल आहे. सोडायची ती वाहवेची इच्छा. परिणामाची काळजी तर कर्माचाच भाग आहे, कारण ज्याचा परिणाम विचारात घेतला नाही ते कर्म अर्धवट राहते.

या उत्तरावर एक आक्षेप गंभीर आहे. मोठ्या कंत्राटाचे काम उपकंत्राटदाराकडे जाते आणि त्याच्याकडून रोजंदारीवरच्या मजुराकडे; घरांच्या वायरिंगचे मोल पॉइंटप्रमाणे ठरते. दातेरी हत्यार द्यायचे नाही, योग्य मापाची स्लीव्ह आणायची नाही, संध्याकाळपर्यंत काम उरका म्हणायचे आणि मग स्वधर्माची शिकवण ऐकवायची, हा अन्याय आहे. स्वकर्माचा विचार खालच्या माणसाला गप्प करण्यासाठी वापरला गेला की तो धर्म राहत नाही. जातीने ठरवलेल्या कामात माणसाला जखडण्यासाठीही तो वापरला गेला, हा इतिहास विसरता येणार नाही.

या आक्षेपाचे उत्तर याच जिल्ह्यात दगडावर कोरलेले सापडले आहे. नालासोपाऱ्याजवळ १८८२ साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ साली नवव्या लेखाचा. नवव्या लेखाचा आशय इतर ठिकाणच्या प्रतींवरून नीट कळतो. आजारपण, लग्न, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना मंगलविधी करतात, त्यांचे फळ थोडे. खरा मंगलविधी धर्माचा, आणि त्यात दास आणि सेवक यांच्याशी योग्य वागणूक येते, असे तो सांगतो. आजही खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते आणि उत्तर भारतातून आलेले कामगार १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा करतात. त्या पूजेला अर्थ यायचा तर पूजेतले हत्यार योग्य मापाचे हवे आणि ते धरणाऱ्या हाताला पुरता वेळ व पुरता मोबदला मिळायला हवा. झाकलेल्या सांध्याचे उत्तरदायित्व अशा प्रकारे विभागले जाते: कौशल्य आणि प्रामाणिकपणा कारागिराचा, साधने आणि सवड काम देणाऱ्याची. एकाने आपला वाटा टाळला तर दुसऱ्याच्या वाट्याने ती उणीव भरून निघत नाही.

वायरिंगच्या शास्त्रातला एक साधा नियम या साऱ्या विचाराला पूर्ण करतो. सांधा गिलाव्यात किंवा पाइपच्या मध्येच पुरू नये. तो जंक्शन बॉक्समध्ये, झाकण काढून पाहता येईल असा ठेवावा. संयोग राखावा लागतो हे मान्य केले की पुढे कोणाला तरी तो तपासावा, आवळावा किंवा बदलावा लागणार हेही मान्य करावे लागते. आपले काम पुढच्या हातासाठी उघडता येईल असे ठेवणारा कारागीर स्वतःच्या कौशल्याची मर्यादा जाणतो आणि येणाऱ्या अनोळखी माणसावर विश्वास टाकतो. कोणी पाहणार नाही अशा जागीही चोख काम करायचे आणि कोणालाही पाहता येईल असे ते ठेवायचे, ही दोन्ही बंधने एकाच धर्माची आहेत. पहिले पाळून दुसरे टाळले तर चोखपणा हा करणाऱ्याचा खासगी दावा राहतो. दुसरे पाळून पहिले टाळले तर उरते ते केवळ तपासणीपुरते काम.