ठोका चुकला तरी



फार घाबरलो की आपण म्हणतो, काळजाचा ठोका चुकला. आपल्या धर्मग्रामातील काही जणांसाठी हे नुसते बोलणे नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की छातीत धडधड सुरू होते. एक ठोका चुकल्यासारखा वाटतो, पुढचा जोरात बसतो, आणि मनात येते, आता संपलं. अमरावतीला किंवा अकोल्याला जाऊन इको काढला की डॉक्टर सांगतात, "झडपेत थोडा दोष आहे, सौम्य आहे, घाबरू नका." पण घाबरू नये कसे, हे त्या कागदावर लिहिलेले नसते.

हृदयाला चार झडपा असतात. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडप दोन पाकळ्यांची आहे. सोळाव्या शतकात वेसालियस या शरीरशास्त्रज्ञाला ती बिशपांच्या डोक्यावरील मायटरसारखी दिसली. तेच तिचे नाव झाले, मायट्रल. दिवसाला सुमारे एक लाख वेळा ती उघडते आणि मिटते. काहींच्या पाकळ्या जरा सैल असतात, मिटताना मागे फुगतात, कधी थोडे रक्त मागे झिरपते. शंभरात दोन-तीन माणसांना हे असते आणि बहुतेक जण पूर्ण आयुष्य जगतात. डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी केली म्हणजे झाले. लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून, संधिवाताच्या तापाने झडप खराब झाली असेल तर गोष्ट वेगळी. त्यात दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. बरे वाटते म्हणून ते बंद करू नका. आपले दुखणे यांपैकी कोणते, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

ठोका चुकतो म्हणजे काय? एक ठोका वेळेआधी पडतो, मग क्षणभर विसावा, आणि पुढचा ठोका म्हणूनच जड लागतो. निरोगी माणसालाही असे होते. जागरण, चहावर चहा, तंबाखू आणि खर्रा, काळजी, आणि आपल्या वऱ्हाडातील उन्हाळ्यात घामाने आटलेले शरीर, यांनी धडधड वाढते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हृदयाच्या गतीवर एक छोटा निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, हात आपल्या इच्छेने हलतो, हृदय तसे हलत नाही. त्याची गती निसर्गाने दिलेली आहे. ज्याला धडधड होते त्याला नेमकी हीच गोष्ट भिववते, माझे हृदय माझ्या ताब्यात नाही. पण ते आपल्या ताब्यात कधी होते? काल रात्री आपण गाढ झोपलो तेव्हा ते कोणाच्या भरवशावर चालले? ठोका चुकला तेव्हा आपल्याला कळले की बाकीचे लाखभर ठोके न मागता मिळाले होते.

रोमचे संत फिलिप नेरी यांना १५४४ पासून १५९५ मध्ये मरण येईपर्यंत छातीत धडधड होत असे. प्रार्थनेत ती एवढी वाढे की बसण्याचा बाक हलत असे, अशी त्यांच्या सोबत्यांची साक्ष आहे. तशा छातीने ते ७९ वर्षे जगले, पापनिवेदन ऐकत राहिले, लोकांना हसवत राहिले. त्यांना वैद्यही तपासत असत. संत होते म्हणून वैद्य नको, असे झाले नाही.

स्तोत्र ३८ मध्ये स्तोत्रकर्ता देवाला सरळ सांगतो की हृदय धडधडते आहे आणि शक्ती गेली आहे. म्हणजे भीती देवापुढे मांडणे हा अविश्वास नव्हे. आणि सिराखच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात सांगितले आहे की वैद्यालाही देवानेच निर्माण केले; प्रार्थना कर आणि त्याचेही ऐक. म्हणून "प्रार्थना चालू आहे, गोळी कशाला?" असे कोणी सांगितले तर मानू नका. चक्कर येऊन पडणे, श्वास अडकणे, छातीत कळ, पायांना सूज, धडधड न थांबणे, यांपैकी काही झाले तर नोव्हेना संपण्याची वाट पाहू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा, किंवा १०८ ला फोन करा.

काही जण रविवारी सकाळी कम्युनियनसाठी गोळी टाळतात. पाणी आणि औषध यांनी कम्युनियनपूर्वीचा उपवास मोडत नाही, हा चर्चचाच नियम आहे. उत्तम शुक्रवारच्या उपवासातूनही आजाऱ्यांना सूट आहे. एप्रिलच्या उन्हात क्रुसाच्या वाटेला निघताना पाणी सोबत घ्या.

आता अवघड गोष्ट. मुलीच्या झडपेचा दोष घरात कळतो, आणि आई-वडील तो तिच्या सोयरिकीपर्यंत दाबून ठेवतात. पुढे ती गरोदर राहते, आणि प्रसूतीच्या डॉक्टरांनाही कोणी सांगत नाही. सौम्य दोष असलेल्या स्त्रियांची बाळंतपणे बहुधा सुखरूप होतात, पण डॉक्टरांना माहीत हवे. लपवलेल्या दोषाची भीती दोषापेक्षा मोठी होते आणि ती मुलगी एकटी वाहते. मुलीकडच्यांनो, खरे सांगा, रिपोर्ट दाखवा. मुलाकडच्यांनो, 'हार्ट' हा शब्द ऐकताच उठून जाऊ नका. डॉक्टर काय म्हणतात ते विचारा. माणसाची किंमत झडपेवरून ठरवणारे आपण कोण? प्रभू येशूने तर आपले हृदय भाल्याने उघडू दिले.

छोट्या ख्रिस्ती समूहांना माझी विनंती आहे: आपल्या गल्लीत कोणी इकोला एकटे जात असेल तर सोबत जा. आणि आज रात्री धडधड झाली तर उठून बसा, घोटभर पाणी प्या, सावकाश श्वास घ्या आणि म्हणा: प्रभू, हा ठोका तुझा, पुढचाही तुझाच.

आपला धर्मगुरू