काल्हेर म्हणायला जीभ का अडखळते?

बस. तो मोबाईल खिशात घाल आणि मान वर करून बोल. गृहपाठ राहिला की शाळेत अशीच मान खाली घालायचास. तिशी आली, सवय तीच.

मघापासून तुझं रडगाणं ऐकते आहे. आधी गोदाम, मग विम्याचं काम, मग हार्डवेअरचा क्लास, आता पुण्यात कॉल सेंटरची रात्रपाळी. ‘पुण्यात मी उपरा, इथे आलो की पाहुणा. बाई, माझं कुठेच काही नाही.’ झालं सांगून? आता माझं ऐक.

पुण्यात कुणी गाव विचारलं की तू ‘ठाणे’ म्हणतोस. तुझ्या बहिणीनेच सांगितलं मला. ठाण्यात कधी राहिलास रे? बाळकुम सोडून खाडी ओलांडली, कशेळी लागली, की भिवंडी तालुका सुरू होतो, हे मीच शिकवलं ना तुला? मेट्रो ५च्या स्थानकांच्या यादीत आपल्या काल्हेरचं नाव आहे. सरकारला ते घेताना लाज वाटली नाही, तुलाच वाटते. म्हणे, भिवंडी म्हटलं की लोक खड्डे आणि गोदामं काढतात. काढू देत! मुंबईत दारोदार पोचणारी किती खोकी याच पट्ट्यातून निघतात, ते हसणाऱ्याला ठाऊक नसेल. तुला तर ठाऊक आहे ना?

आणि हे नवे टॉवर बघ. कुठून कुठून आलेली माणसं राहतात तिथे. त्यांनी सोसायटीत गणपती बसवला, पाण्यासाठी ग्रामपंचायतीत खेटे घातले, रस्त्यासाठी भांडण काढलं. ती काल्हेरची झाली. तू इथे जन्मलास आणि हळदीला डीजेपुढे नाचण्यापुरता येतोस. शेजारचं पोरगं गणितात गटांगळ्या खातंय, त्याच्यापाशी कधी तासभर बसलास? मग गावाने तुला पाहुणा मानलं तर गावाचं काय चुकलं?

वाट वाकडी झाली म्हणून रडतोस. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव पंपावर वाचलं असशील, माणूस वाचलास का? १८६९चा जन्म, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे.मध्ये गेले, तर रंगच नीट ओळखता येत नाहीत असं निघालं. चित्रकाराला याहून मोठा फटका कुठला? पण रेघ पक्की होती. ती घेऊन यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले, व्ही.जे.टी.आय.मध्ये तेच शिकवू लागले. बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडली आणि बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवलं. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी नांगराला हात लावेनात, तरी दम धरला. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानात कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. आपलं गाव मिळेना म्हणून उसासे टाकत बसले नाहीत, उभं केलं.

त्यांच्या वाटेला तुझ्याहून जास्त वळणं होती. पण प्रत्येक वळणावरून ते काहीतरी हातात घेऊन पुढे गेले. तू काय घेतलंस?

गोदामात होतास. मघाशी मी विचारलं, गाडी भरताना कुठला माल आधी चढवतात? म्हणालास, ‘ते सुपरवायझर बघायचा.’ अरे, जो शेवटी उतरायचा तो आधी आत जातो. शेजारी उभा असलेला हमाल झोपेत सांगेल हे, आणि तू स्कॅनर हातात धरून उभा होतास! विम्याच्या कामात दारं ठोठावलीस, पण अनोळखी माणसाशी बोलणं सुरू कसं करावं हे शिकला नाहीस. शिकला असतास तर पुण्यात उपरा राहिला नसतास. क्लासही अर्धवट टाकलास. तू नोकऱ्या बदलल्यास म्हणून मी चिडले नाही. बदल खुशाल. प्रत्येक ठिकाणाहून रिकाम्या हाताने उठलास, राग त्याचा आहे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय?

नशीब, ओळख, गावाचं नाव, यातलं एकही कारण मला यापुढे ऐकायचं नाही. आपलेपणा कुणी हातावर आणून ठेवत नाही. जिथे राहशील तिथलं एखादं काम अंगावर घे आणि तडीस ने, मग लोक आपोआप हाक मारतील. आत्ताच घरी जा आणि चारही ठिकाणी काय शिकलास ते एका कागदावर लिही. कागद कोरा राहिला तर तो दोष काल्हेरचा नाही, तुझा आहे.