हिशेब विचारणारा माणूस

छोट्या उद्योजकाच्या आयुष्यात धंद्याचा आराखडा बहुधा एकदाच तयार होतो, आणि तोही दुसऱ्यासाठी. बँकेकडे कर्ज मागायचे तर प्रोजेक्ट रिपोर्ट लागतो. तो सीएच्या कार्यालयात साच्यातून काढून मिळतो. मसाला कांडप असो, फॅब्रिकेशन असो की बेकरी, नाव-गाव आणि यंत्राची किंमत बदलली की पुढच्या पाच वर्षांचे ताळेबंद आपोआप भरले जातात. पहिल्या वर्षी क्षमतेच्या साठ टक्के उत्पादन, दुसऱ्या वर्षी सत्तर, तिसऱ्या वर्षी ऐंशी, आणि वाटेत कुठेही गिऱ्हाईक तुटत नाही, मोटार जळत नाही की मुलीचे लग्न येत नाही. कर्ज मंजूर झाले की ती फाइल कपाटात जाते. यात कुणाची फसवणूक होते असेही नाही, कारण बँकेच्या अधिकाऱ्यालाही ते आकडे खरे ठरतील असे वाटत नसते. मग ‘नियोजन केले तर उद्योग वाढतो’ हे जे प्रत्येक उद्योजकता शिबिरात सांगितले जाते, त्यात तथ्य किती? माझ्या मते तथ्य आहे, पण सांगितले जाते तिथे नाही. आराखडा लिहून ठेवल्याने फारसे काही होत नाही. दर महिन्याला तो समोर घेऊन ‘ठरले काय होते, झाले काय, आणि का’ असे विचारणारा, धंद्यात ज्याचा वाटा नाही असा माणूस असेल, तरच त्या कागदाला किंमत येते. मार्गदर्शन आणि नियोजन या दोन वेगळ्या गोष्टी मानून त्यांच्यासाठी वेगवेगळ्या योजना काढण्यात आपली चूक होते.

याचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्याच दाराशी, पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला मिळाला. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी 2008 च्या सुमारास तारापूर आणि गुजरातेतल्या उंबरगाव इथल्या 17 कापड कंपन्यांत एक प्रयोग केला. या कंपन्या घरच्या मालकीच्या होत्या, बऱ्यापैकी जुन्या होत्या आणि नफ्यातही होत्या. तरी गोदामात सुताचे ढीग नोंदीविना पडलेले, हत्यारे जिथे शेवटची वापरली तिथेच टाकलेली, आणि कापडातला दोष कोणत्या मागावर, कशामुळे आला याची नोंद कुठेच नाही, अशी एकूण स्थिती. संशोधकांनी 38 साध्या व्यवस्थापन-पद्धतींची यादी केली: मागांची ठरलेल्या वेळी देखभाल, दोषांची रोजची नोंद, मालसाठ्याचा हिशेब, अशा स्वरूपाची. मग त्यांनी नेमलेल्या सल्लागारांनी सगळ्याच गिरण्यांना महिनाभर तपासून काय चुकते ते सांगितले. काही गिरण्यांत मात्र ते पुढचे चार महिने तिथेच राहिले आणि त्या पद्धती अंगवळणी पाडून दिल्या. जिथे सल्लागार राहिले, तिथे उत्पादकता वर्षभरात 17 टक्क्यांनी वाढली, कापडातले दोष आणि पडून राहिलेला माल दोन्ही घटले. हा प्रयोग 2013 साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून ‘व्यवस्थापनाने खरोखर फरक पडतो’ याचा दाखला म्हणून तो जगभर दिला जातो.

मला त्यातली दुसरीच बाब अधिक महत्त्वाची वाटते. ज्या गिरण्यांना फक्त निदान मिळाले, त्यांनाही काय चुकते ते लेखी कळले होते. तरीही त्यांनी स्वीकारलेल्या नव्या पद्धती, सल्लागार मुक्कामाला राहिलेल्या गिरण्यांच्या मानाने जेमतेम एकतृतीयांश होत्या. कळणे आणि वळणे यांच्यातले अंतर ही म्हण झाली. इथे ते मोजले गेले. शिवाय मालकांनी आधी या गोष्टी का केल्या नव्हत्या, याचे कारण आळस नव्हता. आपला माल इतरांइतकाच बरा आहे असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते, कारण तुलनेला समोर फक्त शेजारची गिरणी होती आणि तीही तशीच चालत होती. आणखी एक निरीक्षण असे की कंपनी किती मोठी होणार हे ठरवण्यात मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती, याला फार मोठे वजन होते. भाऊ आणि मुलगे जितके, तितक्या गिरण्या. बाहेरच्या व्यवस्थापकावर गल्ला सोपवायचा तर चोरीची धास्ती, आणि चोरी झाली तर ती पकडायला नोंदी नाहीत. म्हणजे हिशेब नाही म्हणून विश्वास नाही, आणि विश्वास नाही म्हणून वाढ नाही. आपल्याकडे अनेक कारखाने एका शेडवरून दुसऱ्या शेडवर का जात नाहीत, याचे उत्तर भांडवलाइतकेच या साखळीत आहे.

यावर साहजिकच कुणी म्हणेल की दोन-अडीचशे कामगारांची गिरणी वेगळी आणि कोपऱ्यावरचे शिलाईचे दुकान वेगळे. आक्षेप रास्त आहे, आणि लहान धंद्यांविषयीचा पुरावा खरोखरच संमिश्र आहे. घानाची राजधानी आक्रा इथे शिंप्यांना एका नामांकित सल्लागार कंपनीच्या माणसांकडून सल्ला देण्यात आला. शिंप्यांनी काही काळ हिशेब ठेवला, सांगितलेले बदल केले, आणि नफ्यात फरक दिसेना तेव्हा वर्षभरात पुन्हा आपल्या जुन्या वळणावर गेले. वर्गातल्या प्रशिक्षणाची गत तर बऱ्याच देशांत अशीच आहे. नैरोबीतल्या दांडोरा वस्तीतला अनुभव याच्या शेजारी ठेवून पाहावा. तिथे नव्याने धंद्यात पडलेल्या तरुण बायकांचे दोन गट झाले. एका गटाला वर्गात बसवून व्यवसाय शिकवला. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकीची त्याच वस्तीत बरीच वर्षे धंदा केलेल्या बाईशी गाठ घालून दिली. वर्गातल्या बायकांनी नोंदी ठेवायला सुरुवात केली, पण त्यांचा नफा हलला नाही. अनुभवी बाईचा आधार मिळालेल्यांचा नफा सरासरी 20 टक्क्यांनी वाढला. का, तर माल कुठल्या ठोक व्यापाऱ्याकडे स्वस्त मिळतो, भाव कसा पाडून घ्यायचा, हे ज्ञान त्या वस्तीपुरतेच होते आणि कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. आक्राचा शिंपी आणि सल्लागार यांच्यात नेमके तेच नव्हते: सल्लागाराला हिशेब येत होता, शिवणाचा बाजार येत नव्हता.

दांडोराचा फायदाही मात्र टिकला नाही. बायकांच्या भेटी जसजशा थांबल्या, तसतसा नफा ओसरत गेला. मार्गदर्शन निरुपयोगी आहे असे म्हणणारे हाच मुद्दा पुढे करतात. मला तो उलटा दिसतो. भेटीबरोबर परिणामही जातो, याचा अर्थ परिणाम भेटीमुळेच होत होता. आपण मार्गदर्शनाला लस समजतो, एकदा टोचली की काम झाले असे मानतो, आणि मग दोन वर्षांनी जाऊन परिणाम शोधतो. तारापूरला आठ-नऊ वर्षांनी संशोधक पुन्हा गेले, तेव्हा सल्लागारांनी रुजवलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. त्या का सुटल्या? व्यवस्थापक बदलले, आणि मालकांना लक्ष घालायला वेळ उरला नाही. ज्या उरल्या, त्या मात्र त्याच कंपनीच्या दुसऱ्या गिरण्यांतही पसरल्या होत्या. मोठ्या कंपनीला दर तीन महिन्यांनी संचालक मंडळापुढे आकडे मांडावे लागतात, ती सक्ती कुणी दोन वर्षांत बंद करत नाही. छोट्या मालकाला जाब विचारणारे कुणीच नसते. तो स्वतःच मालक, खरेदी अधिकारी, वसुली कारकून आणि अनेकदा ड्रायव्हरही असतो.

सल्ला साधा असला तरी चालतो, किंबहुना साधाच चालतो. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये एका सूक्ष्मवित्त संस्थेच्या कर्जदारांपैकी काहींना रीतसर लेखापालन शिकवले आणि काहींना फक्त ढोबळ नियम दिले, म्हणजे घराचे पैसे आणि दुकानाचे पैसे वेगळ्या खणात ठेवा, स्वतःला ठरावीक पगार घ्या, असे. परिणाम दिसला तो दुसऱ्या गटात. आपल्याकडे याचे एक जुने आणि मोठे उदाहरण 1959 च्या गिरगावात सापडते. सात गुजराती गृहिणींनी एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्याकडे 80 रुपयांचे उसने भांडवल होते. ते देणारे छगनलाल करमसी पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी पैशापेक्षा मोलाचे काही दिले. स्वस्त आणि महाग असे दोन दर्जे काढायची बायकांची सुरुवातीची पद्धत त्यांनी मोडून काढली आणि एकच उत्तम दर्जा ठेवायला लावला. हिशेब पक्का ठेवायचा हेही त्यांनी बजावले. देणगी घ्यायची नाही, तोट्यात गेलो तरी नाही, हे बायकांनी पहिल्यापासून ठरवले होते. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद पडले. पुढच्या वर्षी खाट आणि शेगडी आणली, खाटेवर पापड आणि खाली शेगडी, आणि काम चालू राहिले. नियोजन म्हणजे याहून वेगळे काय असते? गेल्या वर्षी कुठे अडले ते लक्षात ठेवायचे आणि यंदा त्याआधी सोय करायची. पहिल्या वर्षाची विक्री होती 6196 रुपये. हाच उद्योग पुढे लिज्जत पापड म्हणून ओळखला गेला, आणि आज त्याच्या सदस्य भगिनींची संख्या 40 हजारांच्या वर आहे. 80 रुपये त्या काळी अनेकांना उसने मिळाले असतील; छगनबाप्पा फार थोड्यांना मिळाले.

मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की त्याची तपासणी करायचीही कुणाला गरज वाटत नाही. मारवाडी किंवा गुजराती घरातला मुलगा धंदा रक्तातून घेऊन येतो, असा त्यामागचा समज. प्रत्यक्षात तो मुलगा शाळेनंतर काकाच्या पेढीवर बसतो. उधारी कुणाला द्यायची, कुणाला नाही, पडलेल्या भावात माल विकायचा की धरून ठेवायचा, हे रोज ऐकतो. नंतर स्वतःचे दुकान काढले की पहिली दोन-तीन वर्षे काका त्याची वही पाहतो. बिर्ला उद्योगातली ‘पडता’ नावाची पद्धत, म्हणजे नफ्या-तोट्याचा रोजच्या रोज हिशेब, हे त्याच सवयीचे मोठे रूप. हे घडवलेले कौशल्य आहे; फक्त ते घरात, फुकट आणि न दिसता घडते, म्हणून उपजत वाटते. ज्याच्या घरात काका नाही, त्याच्यासाठी काका बाहेरून उभा करावा लागतो. 1992 साली जेआरडी टाटांच्या पाठबळावर सुरू झालेल्या भारतीय युवा शक्ती ट्रस्टने कर्जाबरोबर प्रत्येक तरुणाला एक मार्गदर्शक देण्याची रीत पाडली, ती याच जाणिवेतून. 2005 साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांचे चेंबर काढले, त्यामागेही व्यापारी जातींच्या आतल्या जाळ्याला पर्याय उभा करण्याची गरज होती. अहमदाबादेत सेवा बँकेच्या महिला सदस्यांना दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले, तेव्हा ज्या मैत्रिणीला घेऊन आल्या त्यांनाच त्याचा उपयोग झालेला दिसला. एकटी आलेली बाई एकटीच परत गेली.

आता सर्वांत जड आक्षेप. छोट्या उद्योजकाचे दुखणे सल्ल्याच्या अभावाचे नाही, बिले थकण्याचे आहे, असे भोसरीतला कुणीही जॉबवर्क करणारा सांगेल. लघुउद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि आता वेळेत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. तरीही ज्याच्यावर सगळे काम अवलंबून आहे त्या कंपनीविरुद्ध तक्रार कोण करणार? मार्गदर्शक त्या कंपनीकडून चेक काढून आणू शकत नाही, हे मान्यच केले पाहिजे. वीजदर, रस्ते, जीएसटीचे अडलेले परतावे हेही त्याच्या हातात नाही. पण निम्म्याहून अधिक काम एकाच गिऱ्हाइकाचे असू नये, यंदा दुसरे शोधायचेच, आणि तोवर नवे मशीन घ्यायचे नाही, हे त्याला सांगता येते आणि पुढच्या महिन्यात विचारताही येते. खेळते भांडवल कमी पडते तेव्हा दर वेळी कर्जच कमी असते असे नाही. कित्येकदा ते न विकल्या गेलेल्या मालात आणि न मागितलेल्या उधारीत अडकलेले असते. सल्ल्याने व्यवस्थेचा अन्याय दूर होत नाही, तो सोसण्याची ताकद थोडी वाढते. याहून जास्त दावा करणारे जे ‘बिझनेस कोच’ तारांकित हॉटेलांत दिवसभराचे मेळावे घेतात, त्यांचा स्वतःचा धंदा मात्र उत्तम नियोजनाने चाललेला असतो.

शिवाय प्रत्येकाला वाढायचेच असते असे नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातल्या 6.34 कोटी बिगरशेती छोट्या व्यवसायांपैकी सुमारे 84 टक्के व्यवसायांत नियमित पगारी माणूस एकही नव्हता. त्यांतले अनेकजण नोकरी मिळाली तर उद्या धंदा बंद करतील. त्यांच्यावर वाढीचे ओझे लादणे क्रूरपणाचे आहे. त्यांना कर्ज स्वस्त हवे, पोलिसांचा आणि पालिकेचा जाच कमी हवा. महिन्याच्या महिन्याला येणारा मार्गदर्शक हवा तो पहिल्या कामगारापासून विसाव्या कामगारापर्यंतच्या टप्प्यावर असलेल्यांना, जिथे मालक एकट्याने सगळे सांभाळू शकत नाही आणि सोपवूही शकत नाही.

असा माणूस आणायचा कुठून? शेजारचा यशस्वी कारखानदार आपल्या स्पर्धकाला शिकवणार नाही, हे उघड आहे. पण कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याला नाशिकच्या फाउंड्रीवाल्याची भीती कमी असते, आणि चाकणच्या मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेल्या खरेदी अधिकाऱ्याला तर पुरवठादार का नापास होतो हे कुणापेक्षाही जास्त ठाऊक असते. अट एकच: तो यंत्र विकणारा नसावा, कर्ज मिळवून देणारा दलाल नसावा. त्याला मानधन मात्र द्यावे. फुकटचा सल्ला तिसऱ्या भेटीनंतर आटतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रकल्प खर्चाच्या 15 ते 35 टक्के अनुदान मिळते. 20 लाखांच्या प्रकल्पाला ते 3 ते 7 लाख होते. महिन्याला दोन भेटी, भेटीला 3 हजार रुपये असे धरले, तर दोन वर्षांचा खर्च 1 लाख 44 हजार. सरकार यंत्रासाठी लाखो रुपये सोडायला तयार असते, ते यंत्र दिवसातले किती तास चालते हे विचारण्यासाठी त्यातला एक हिस्साही नाही. कागदही नवा लागणार नाही. कॅश क्रेडिट घेतलेले बहुतेक छोटे कारखानदार दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट देतात: कच्चा माल किती, तयार माल किती, येणी किती आणि किती दिवसांची. आज ते महिनाअखेरीला, कर्जाची मर्यादा टिकावी इतपत आकडे जुळवून भरले जाते. तोच कागद खऱ्या आकड्यांनी भरून आधी मार्गदर्शकापुढे आणि मग बँकेकडे गेला, तर सुरुवात करायला तेवढे पुरे आहे.