उंबऱ्याबाहेरचे श्रोते

गीता कोणी कोणाला सांगितली असे विचारले, तर शाळकरी मूलही 'कृष्णाने अर्जुनाला' असे सांगेल. उत्तर बरोबर आहे, पण पुरते नाही. गीता आपल्यापर्यंत येते ती संजयाच्या तोंडून, आणि तो ती सांगत असतो आंधळ्या धृतराष्ट्राला. म्हणजे श्रोते तीन झाले. अर्जुनाशी बोललेले शब्द आणखी दोघांच्या कानांवर पडत आहेत, आणि त्या दोघांपैकी कोणाशीही श्रीकृष्ण बोलत नाही.

ज्ञानेश्वरांनी ही गोष्ट नेमकी टिपली आहे. नवव्या अध्यायाच्या अखेरीस ते आपल्याला कुरुक्षेत्रावरून उचलून धृतराष्ट्रासमोर आणून उभे करतात. भक्तीचे एवढे मोठे गुह्य ऐकूनही म्हातारा राजा ढिम्म बसला आहे. पुराच्या पाण्यात बसलेला रेडा उठत नाही तसा, हा दृष्टान्त ज्ञानेश्वरांचाच. समोर संजयाची गत निराळी. चित्त भरून आलेले, वाचा अडखळलेली, अंगावर काटा, डोळ्यांना धारा. तो राजाने पदरी बाळगलेला सूत. युद्धाची खबर सांगणे हे त्याचे नेमून दिलेले काम. उपदेश त्याच्यासाठी नव्हताच. तरी घर केले ते त्याच्या मनात.

धर्मग्रंथ वाचकाला घडवतात म्हणजे काय करतात, याचा विचार करताना मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. ग्रंथ ज्याला हाक मारतो तो पुष्कळदा सवयीने ऐकतो. ज्याला हाक मारलेली नसते, जो उंबऱ्याबाहेर उभा राहून ऐकतो, त्याच्यावर त्याच शब्दांचा आघात होतो. कधी तो तरून जातो, कधी जखमी होतो, आणि कधी उठून ग्रंथालाच जाब विचारतो. मराठी धर्मग्रंथांची खरी वाचनपरंपरा या बाहेरच्या श्रोत्यांनी घडवली, असे माझे मत आहे.

ज्ञानेश्वर स्वतः असेच बाहेरचे होते. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेली ही भावंडे. नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या सांगताना अठराव्या अध्यायात ते वेदाला चक्क कृपण म्हणतात. वेद संपन्न खरा, पण तीनच वर्णांच्या कानाशी लागला. स्त्रीशूद्रांना त्याने दाराबाहेर ठेवले. हे उणेपण त्याचे त्यालाच कळले आणि सर्वांना सेवता यावे म्हणून तोच गीतेच्या रूपाने पुन्हा आला, अशी त्यांची मांडणी आहे. वेदाविषयीचा आदर तसूभरही कमी न करता त्याच्यावर एवढा मोठा आरोप करण्याचे धैर्य त्या काळात त्यांना कुठून आले असेल, याचे मला आजही नवल वाटते.

आणि ते बोलतात कसे? अधिकाराने नव्हे. नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांकडे फक्त अवधान मागतात, तेही लेकराने आईबापांपुढे लडिवाळपणा करावा तसे. पुढे विषय लांबला की श्रोते मधेच बोलतात: वर्णन पुरे, मूळ अर्थाकडे चला. ग्रंथाने आपल्या पोटातच श्रोत्याचा टोकणारा आवाज जपून ठेवला आहे. रामदासांचा दासबोध तर उघडतोच श्रोत्यांच्या प्रश्नाने. हा कोणता ग्रंथ, यात काय सांगितले आहे आणि ऐकून काय मिळेल, हे श्रोते आधीच विचारून घेतात.

महानुभावांचे याहून थेट. चक्रधरांच्या पश्चात पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांचे शिष्य केसोबास संस्कृतात काही लिहू पाहतात तेव्हा आचार्य त्यांना अडवतात. कारण तात्त्विक नाही, अगदी व्यवहाराचे आहे: पंथातल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. 'स्मृतिस्थळा'तल्या या आठवणीतल्या म्हाताऱ्या मला नेहमी दिसतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या, भिक्षान्नावर जगणाऱ्या. पंडित शिष्याचा ग्रंथ कोणत्या भाषेत व्हावा याचा निकाल त्यांच्याकडे पाहून लागला.

पण आपल्याकडे सगळेच ग्रंथ दार उघडून बसलेले नव्हते. गुरुचरित्राचे उदाहरण घेऊ. सात दिवसांचे पारायण आजही घरोघरी होते. चौरंगावर पोथी, शेजारी समई, सोवळ्यातला वाचक, एकभुक्त राहायचे, चटईवर निजायचे, आणि कोणत्या दिवशी कुठल्या अध्यायापर्यंत जायचे तेही ठरलेले. सरस्वती गंगाधरांनी कथेची चौकट फार विलक्षण योजली आहे. गांजलेला नामधारक गाणगापूरच्या वाटेला लागतो. तो नुसती विनवणी करत नाही, रागावतो; तू दयाळू म्हणवतोस तर मला का भेटत नाहीस, असे गुरूला विचारतो. मग त्याला सिद्ध भेटतो आणि पुढची सगळी पोथी या दोघांच्या संवादातून उलगडते. पारायणाला बसणारा माणूस बहुधा असाच गांजलेला असतो. नामधारकाच्या जागी तो नकळत स्वतः बसतो. चौदावा अध्याय संकट टळावे म्हणून रोज वाचतात, अठरावा दारिद्र्य जावे म्हणून. त्या अठराव्यात गरीब ब्राह्मणाच्या दारचा घेवड्याचा वेल गुरू उपटून टाकतात. पोटाला आधार असलेला एकुलता वेल! बायको आक्रोश करते, आणि वेलाचे मूळ खणताना द्रव्याचा घडा लागतो. कर्जात बुडालेल्या, नोकरी गेलेल्या माणसाला ही गोष्ट काय देते? घडा मिळेलच असे त्यालाही वाटत नसते. जे गेले ते कशासाठी तरी गेले असेल, एवढा धीर तो घेतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे मला पटत नाही.

मात्र हीच पोथी स्त्रियांनी वाचू नये असा दंडक पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. आता पोथीच्या आत पाहा. एकतिसाव्या आणि बत्तिसाव्या अध्यायात पतिव्रतेने कसे वागावे, विधवेने कसे राहावे याचे विस्ताराने विधिनिषेध आहेत. म्हणजे पोथी स्त्रियांविषयी भरभरून बोलते, त्यांच्या जेवणाखाणाचे, नेसण्याचे, निजण्याचे नियम सांगते, आणि ते वाचायला त्यांना बसू दिले जात नाही. त्या भिंतीआडून ऐकतात. ऐकून तसे वागतात. ज्याच्याविषयी बोलायचे त्याच्याशी बोलायचे नाही, ही धर्मग्रंथांची फार जुनी रीत आहे, आणि तिच्यामुळे किती आयुष्ये करपली याची गणती कोणी ठेवलेली नाही.

हा पेच सतराव्या शतकातल्या बहिणाबाईंनी अचूक ओळखला होता. देवगावला जन्मलेल्या, शिऊरला दिलेल्या बहिणाबाई. लहानपणीच वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी लग्न झालेले. कुटुंब कोल्हापुरात आले असताना जयरामस्वामींच्या कीर्तनांत त्यांच्या कानी तुकोबांचे अभंग पडले आणि वेड लागले. नवरा वेदपाठी ब्राह्मण; बायकोने शूद्र म्हणवणाऱ्या संताचा ध्यास घ्यावा हे त्याला सोसेना. त्याने मारहाण केली. तरी स्वप्नात तुकोबांचा अनुग्रह झाला आणि पुढे हे कुटुंब देहूला आले. आपल्या अभंगांत त्या एक साधा प्रश्न विचारतात. स्त्रीच्या संगतीने हित होत नाही असे वेदपुराणे ओरडून सांगतात. मला तर हा देहच स्त्रीचा मिळाला आहे, मी परमार्थ साधायचा कसा? ग्रंथ पुरुष साधकाला सावध करत होता. आपले बोलणे एखादी स्त्रीच ऐकत असेल, हे त्याच्या गावीही नव्हते. बहिणाबाईंनी ते ऐकले आणि त्याला त्याचे अपुरेपण दाखवून दिले. पण त्या ग्रंथ सोडून गेल्या नाहीत. तुकोबांच्या वाणीत त्यांना स्वतःसाठी जागा सापडली आणि तिथे बसून त्यांनी मराठीतले एक अपूर्व आत्मकथन रचले.

सुमारे दोनशे वर्षांनी पंडिता रमाबाई त्याच प्रश्नापाशी आल्या आणि त्यांनी दुसरी वाट धरली.

त्यांचे बालपणच पोथीवर पोसलेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, आणि त्याबद्दल त्यांना पंडितांच्या सभेत शास्त्राधार दाखवावा लागला. घरदार सोडून हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे आणि देवळांत, नदीच्या घाटांवर पुराणे वाची. रमाबाईंनी १९०७ च्या आत्मकथनात या वाचनाचे जवळून पाहिलेले चित्र दिले आहे. पुराणिक संस्कृतात मोठ्याने वाचतो. लोक येतात, पोथीला आणि वाचणाऱ्याला नमस्कार करतात, फुले, फळे, पैसे ठेवतात, थोडा वेळ बसतात आणि निघून जातात. बहुतेकांना अक्षर कळत नाही. कळायला हवे असेही कोणाला वाटत नाही. कानावर पडले की पुण्य लागते. त्या पैशांवर या कुटुंबाचे पोट चाले. दुष्काळात तेही आटले, आणि १८७४ मध्ये आईवडील काही आठवड्यांच्या अंतराने गेले.

१८७८ मध्ये भावासोबत त्या कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले. केशवचंद्र सेनांनी वेद वाचलेत का असे विचारले तेव्हा, स्त्रियांना तो अधिकार नाही, असे त्यांनी उत्तर दिले. सेनांनी वेदाची प्रत हाती ठेवली. पुढे स्त्रीधर्मावर व्याख्याने द्यायची म्हणून त्या धर्मशास्त्रे बारकाईने वाचू लागल्या. आजवर पाठ केलेले, इतरांना ऐकवलेले ग्रंथ त्यांनी पहिल्यांदाच आपल्याला उद्देशून असल्यासारखे वाचले, आणि हादरल्या. एरवी एकमेकांशी न जुळणारे ग्रंथ एका बाबतीत मात्र एकमताचे निघाले: स्त्री जात अपवित्र, आणि नवऱ्याची सेवा सोडली तर तिला तरणोपाय नाही. शूद्रांबद्दलही तेच. पंडिता म्हणवली गेलेली ही बाई त्या ग्रंथांच्या हिशेबात कुठेच नव्हती.

पुढची कथा पुष्कळांना ठाऊक आहे. लग्नानंतर सिल्चरला घरच्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली. १८८२ मध्ये पती गेले, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. मनाला भिडलेली गोष्ट कोणती, तर विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईची. परक्या जातीची, लोकांनी नावे ठेवलेली बाई, आणि येशू तिच्याकडे पाणी मागून तिच्याशी बोलतो, तिच्या प्रश्नांना उत्तरे देतो. स्त्रियांविषयी बोलणारे ग्रंथ रमाबाईंनी उदंड वाचले होते. त्यांना इथे भेटला तो स्त्रीशी बोलणारा.

त्यांचे धर्मांतर पुण्याला सहन झाले नाही, आणि ती अढी आजही पुरती गेलेली नाही. त्या वादात त्यांचे एक काम झाकले गेले. मिशनऱ्यांच्या मराठी बायबलाची भाषा संस्कृतप्रचुर, खेड्यातल्या बाईला न कळणारी. म्हणून रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायला घेतले. केडगावच्या मुक्तिमिशनात, दुष्काळातून वाचवलेल्या स्त्रियांनी ते छापण्याचे काम केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या; संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. न कळणारी पोथी ऐकवून वाढलेल्या मुलीने आयुष्याची शेवटची वर्षे कळणारी पोथी करण्यात घालवली. नागदेवाचार्यांच्या म्हाताऱ्या केडगावात अशा भेटतात.

काहींना तर भिंतीआडून ऐकण्याचीही मुभा नव्हती. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त लिहिलेला निबंध प्रत्येकाने वाचायला हवा. तिचा तर्क बिनतोड आहे. वेद ब्राह्मणांचेच, ते आम्ही पाहायचेही नाहीत, तर मग उघड झाले की आम्हाला धर्मपुस्तकच नाही. आमचा धर्म कोणता ते देवानेच सांगावे. ग्रंथाने जिला कधी हाक मारली नाही, तिने थेट देवाला हाक मारली.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. तिथल्या चवदार तळ्यावर अस्पृश्यांचे पाणी अडवणाऱ्यांपैकी कितीजणांनी मनुस्मृती उघडून पाहिली होती? फार थोड्यांनी. पण ग्रंथाला माणूस घडवायला वाचक लागतोच असे नाही. तो चालीरीतीत उतरतो, पाणवठ्यावर उभा राहतो, आणि ज्याने त्याचे पानही पाहिलेले नाही त्याच्या हातून दुसऱ्याला दूर ढकलतो. महाडच्या आगीचा रोख त्या न वाचलेल्या ग्रंथावर होता.

त्याच बाबासाहेबांनी अखेरच्या वर्षांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिला. इंग्रजी मूळ ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये आला. त्याची रचना पाहा. धर्मग्रंथासारखे खंड, भाग, क्रमांक घातलेली लहान लहान वाक्ये. आणि आरंभीच चार शंका. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा पटत नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने हे आधी पाहिलेच नव्हते? त्या जागी ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत झालेला तंटा ठेवतात. श्रद्धेने उघडायचा ग्रंथ वाचकाला पहिल्याच पानावर शंका घ्यायला शिकवतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आज वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, महाराष्ट्रातल्या विहारांतून हा ग्रंथ वाचला जातो. एकजण वाचतो, पांढऱ्या साड्या नेसलेल्या आयाबाया ऐकतात, आणि वाचन थांबले की प्रश्न निघतात.

इकडे गावोगावच्या सप्ताहांत ज्ञानेश्वरीची पारायणे जोरात आहेत. पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. मांडवात शेकडो वाचक समोर ज्ञानेश्वरी ठेवून बसतात आणि व्यासपीठचालकाच्या मागून एका सुरात ओव्या म्हणतात. अडखळत वाचणारी बाईही त्या लाटेबरोबर पुढे जाते. तिला त्या सात दिवसांत जे समाधान मिळते ते खरे आहे, त्याला मी हलके लेखणार नाही. पण सात दिवसांत नऊ हजार ओव्या उरकायच्या म्हटल्यावर थांबायला वेळ कुठला? ज्या ग्रंथातले श्रोते वक्त्याला मधेच अडवतात, त्याच ग्रंथाच्या मांडवात आज कोणी कोणाला अडवत नाही. किती वाचक बसले, कितवे पारायण, याचे फलक मात्र लागतात. माझ्या मते हे धृतराष्ट्राचे ऐकणे आहे.

म्हणून सप्ताह करणाऱ्या मंडळींना एक विनंती. सातातला एक दिवस पारायण ठेवू नका. एकच अध्याय घ्या, नववा घेतला तरी चालेल, आणि सावकाश वाचा. मांडवाच्या कडेला बसलेल्या, वाचता न येणाऱ्या बायांना, स्वयंपाकाच्या चुलींपाशी राबणाऱ्यांना, नुसतेच ऐकायला आलेल्या पोरांना पुढे बोलवा, आणि जिथे कळले नाही, पटले नाही, तिथे त्यांना वाचन थांबवू द्या.